प्रबंध गंजाडचा, मदत एआयची

डहाणूहून चारोटीच्या दिशेने निघालं की वाटेत गंजाड लागतं. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचा कळंबीपाडा इथलाच. म्हसे यांचा जन्म तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा, पण त्यांची चित्रं जगभर गेली ती गंजाडच्या पत्त्यावरून. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते गेले. वारली चित्रकलेवर लिहू पाहणारा अभ्यासक कधी ना कधी या गावात येतोच. कलामहाविद्यालयांतले विद्यार्थी येतात, समाजशास्त्राचे येतात, मराठीचे येतात. ज्यांच्या स्वतःच्या घरी लग्नाला भिंतीवर चौक काढला जातो, अशी डहाणू-तलासरी भागातली मुलंमुलीही आता महाविद्यालयांत शिकतात आणि आपल्याच घरच्या कलेवर प्रकल्प नि प्रबंध लिहू शकतात. मला या शेवटच्या गटाचं मोल सगळ्यात जास्त वाटतं. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मार्गदर्शकांसाठी आहे.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुलं झालं आणि त्यानंतर प्रबंध लिहिण्याची रीत पाहता पाहता बदलली. मोबाइलवर प्रश्न टाकला की अर्ध्या मिनिटात नीटनेटका परिच्छेद हजर होतो. असा वापर आता दुर्मीळ राहिलेला नाही. जैववैद्यकीय शोधनिबंधांच्या सारांशांचा मोठा संच तपासून काढलेला एक अंदाज आहे की, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या सारांशांपैकी किमान १३.५ टक्क्यांमध्ये अशा साधनांचा हात होता. म्हणजे शोधनिबंध प्रसिद्ध करणारे संशोधकही हेच करत आहेत. तेव्हा तलासरीच्या विद्यार्थ्याला ‘तू हात लावू नकोस’ असं सांगण्यात अर्थ नाही. घरी वारली बोलून, शाळेत मराठी शिकून, पदव्युत्तर वर्गात एकदम इंग्रजी लेखांना सामोरं जाणाऱ्या मुलीला भाषेची मदत मिळत असेल तर ती तिने जरूर घ्यावी. पाहायचं ते हे की, कोणतं काम या साधनाकडे द्यायचं, कोणतं स्वतःकडे ठेवायचं आणि जे दिलं ते वाचकाला कसं सांगायचं. ते ठरवण्यासाठी आधी हे साधन आतून काय करतं ते पाहू.

प्रचंड मजकूर वाचून घडवलेलं हे एक गणिती प्रारूप असतं. मजकुराचे ते बारीक तुकडे करतं. या तुकड्यांना टोकन म्हणतात. एखादा तुकडा कधी अख्खा शब्द असतो, कधी शब्दाचा भाग. समोर आलेल्या तुकड्यांनंतर कोणता तुकडा येण्याचा संभव जास्त, याचा हिशोब करून ते एक तुकडा निवडतं, तो जोडतं, आणि पुन्हा तोच हिशोब करतं. उत्तर असं तुकड्या-तुकड्याने पुढे सरकतं. या सगळ्यात ‘हे खरं आहे का’ हे पाहणारी वेगळी पायरी नसते. जे वारंवार लिहिलं गेलं आहे ते बहुधा बरोबर येतं, कारण त्याचा ठसा खोल उमटलेला असतो. जे क्वचित लिहिलं गेलं किंवा कधीच लिहिलं गेलं नाही, तिथेही वाक्य थांबत नाही. जवळपासच्या मजकुराच्या वळणाने ते पूर्ण होतं, आणि त्याची ऐट तीच राहते.

आता गंजाडकडे पाहा. म्हसे यांच्याविषयी इंग्रजीत बरंच लिहिलं गेलं आहे. भास्कर कुलकर्णी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला या भागात आले आणि त्यांनी ही चित्रं बाहेरच्या जगासमोर नेली, हेही नोंदलेलं आहे. ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्याबरोबर म्हसे यांचं २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला प्रदर्शन झालं, ते तर कलेच्या जगात गाजलं. या गोष्टी विचारल्या तर साधन बऱ्यापैकी उत्तर देईल. पण शेजारच्या पाड्यावर चौक काढणाऱ्या सवाशिणी कोण, त्यांना कोणी शिकवलं, लग्नविधी चालवणारी धवलेरी कोणतं गाणं कोणत्या वेळी म्हणते, पूर्वी कोणत्या गोष्टी चौकात असत आणि आता नसतात, यातलं फार थोडं कागदावर आलं आहे. इंटरनेटवर आलेलं त्याहून थोडं, मराठीत त्याहून, आणि वारलीत जवळपास नाहीच. गंजाडवर संशोधन करण्याजोगं जे उरलं आहे ते नेमकं साधनाने न वाचलेलं आहे. जबाबदार वापराचा सगळा विचार मी इथूनच सुरू करतो.

एक उदाहरण जरा जवळून पाहू. ‘वारली चित्रकला किती जुनी आहे?’ असं विचारलं तर इ.स.पू. २५०० किंवा ३००० हे आकडे उत्तरात येण्याचा संभव बराच असतो. इंटरनेटवर ते असंख्य ठिकाणी आहेत. हस्तकलेच्या दुकानांच्या पानांवर, पर्यटनाच्या माहितीत, शालेय प्रकल्पांत. काही ठिकाणी यशोधरा डालमिया यांच्या ‘द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज’ या ललित कला अकादमीने १९८८ साली काढलेल्या पुस्तकाचा हवालाही असतो. दुसरीकडे इसवी सनाचं दहावं शतक सांगितलेलं आढळतं. साडेतीन-चार हजार वर्षांचा फरक! साधन यातला एक आकडा उचलतं आणि ठामपणे मांडतं, किंवा दोन्ही एकाच वाक्यात गुंफतं.

विद्यार्थ्याने इथे थांबून साधा प्रश्न विचारायला हवा की, हे कळलं कशावरून? चौक काढतात कुडाच्या, शेणा-मातीने सारवलेल्या, गेरू दिलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, बांबूच्या काडीचं टोक चावून केलेल्या कुंचल्याने. तो लग्नासाठी असतो. भिंत पुन्हा सारवली की जातो. साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीची अशी भिंत कुठून मिळणार? म्हणजे हा दावा चित्रांच्या थेट पुराव्यावर उभा राहू शकत नाही. तो उभा आहे भीमबेटकासारख्या ठिकाणच्या शैलचित्रांशी असलेल्या साम्यावर. साम्य हा विचार करण्याजोगा मुद्दा आहे, पण साम्य म्हणजे अखंड परंपरेचा दाखला नव्हे. मूळ पुस्तक ग्रंथालयातून काढून ते वाक्य कुठे आहे, लेखिकेने ते कशाच्या आधारे आणि किती सावधपणे लिहिलं आहे, हे पाहिल्याशिवाय प्रबंधात ते येता कामा नये. एका वाक्यासाठी एक दिवस जाईल. पण त्या दिवसातून जे हाती लागेल त्यावर प्रबंधाचं एक स्वतंत्र उपप्रकरण उभं राहील, कारण एखादा दावा पुस्तकातून दुकानाच्या पाटीवर आणि तिथून यंत्राच्या उत्तरात कसा पोचतो हा स्वतःच अभ्यासाचा विषय आहे.

हीच गोष्ट जिल्ह्याच्या नावाची. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याआधीच्या कागदपत्रांत गंजाड ठाणे जिल्ह्यात आहे, आणि ते त्या काळापुरतं बरोबरच आहे. जुन्या-नव्या मजकुरांची सरमिसळ झाली की १९८०च्या दशकातल्या प्रसंगाला ‘पालघर जिल्हा’ चिकटतो आणि आजच्या पत्त्याला ‘ठाणे’. चूक छोटी दिसते, पण जनगणनेचे आकडे किंवा वनहक्काची कागदपत्रं शोधताना तिच्यामुळे माणूस भलत्याच दप्तरात हात घालतो.

संदर्भसूचीचं दुखणं याहून मोठं आहे. साधनाला ‘या विषयावरचे दहा संदर्भ दे’ म्हटलं की ते दहा नोंदी देतं, आणि त्यातल्या काही अस्तित्वातच नसतात. लेखकाचं नाव खरं, नियतकालिक खरं, वर्ष पटण्याजोगं, खंड आणि पृष्ठांकही जागच्या जागी, फक्त असा लेख कुणी लिहिलेला नाही. हे का होतं ते वरच्या हिशोबावरून कळेल. संदर्भ कसा दिसतो हे साधनाने लाखो वेळा वाचलं आहे, त्यामुळे तसा दिसणारा मजकूर ते सहज जुळवतं. मेटा कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये खास वैज्ञानिक लेखनासाठी ‘गॅलॅक्टिका’ नावाचं साधन खुलं केलं होतं. खोटी विधानं आणि रचलेले संदर्भ यांवरून इतकी टीका झाली की तीन दिवसांत ते मागे घ्यावं लागलं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले, कधीच न झालेले खटले न्यायालयात दाखले म्हणून सादर केले आणि ५,००० डॉलरचा दंड ओढवून घेतला. आता बरीच साधनं इंटरनेट शोधून दुवे देतात. त्याने सुधारणा झाली आहे, पण दुवा खरा असूनही त्या पानावर ते विधान नसणं हा प्रकार शिल्लक आहेच.

तपासण्याची रीत अवघड नाही. लेखाला डीओआय क्रमांक असेल तर तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. उघडलं, तर तोच लेख आहे का हे शीर्षकावरून जुळवावं, कारण कधी क्रमांक खरा असतो आणि लेख दुसराच. भारतीय विद्यापीठातला प्रबंध असेल तर गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ भांडारात शोधावा. पुस्तक असेल तर ते हातात घ्यावं. वारल्यांच्या १९४५च्या उठावावर कुणी लिहीत असेल तर गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. साधनाने केलेला त्याचा सारांश म्हणजे ते पुस्तक नव्हे, आणि सारांशाच्या आधारे पुस्तकाचं नाव संदर्भसूचीत घालणं हा वाचकाला दिलेला चकवाच आहे. माझा आग्रह असा की, जे स्वतः उघडून वाचलं नाही ते सूचीत नको. सूची पंधरा नोंदींची झाली तरी चालेल.

यानंतर येतं क्षेत्रकार्य, आणि माझ्या दृष्टीने गंजाडच्या अभ्यासातली सगळ्यात नाजूक जागा हीच. समजा एका विद्यार्थिनीने एका वयस्क धवलेरीची दोन तासांची मुलाखत मोबाइलवर रेकॉर्ड केली. ती उतरवून काढायला आठवडा लागेल. ध्वनिफीत साधनाला दिली तर काही मिनिटांत मजकूर मिळतो. मोह होणारच.

इथे दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली परवानगीची. आजीने बोलायला होकार दिला तो समोर बसलेल्या मुलीला, बहुतेक तिच्या आई-आत्याच्या ओळखीवर. ती ध्वनिफीत परदेशातल्या कंपनीच्या संगणकावर जाईल, तिथे साठवली जाईल, मोफत खात्यात कदाचित पुढच्या प्रारूपाच्या प्रशिक्षणालाही वापरली जाईल, हे तिला कुणी सांगितलंय का? रेकॉर्ड करायची परवानगी वेगळी आणि अपलोड करायची वेगळी. शिवाय लग्नाची गाणी किंवा देवचौकाची माहिती ही एका व्यक्तीची मालमत्ता नसते. आदिवासी समूहांच्या माहितीबद्दल २०१९ मध्ये ‘केअर’ नावाची तत्त्वं मांडली गेली. त्यांतली मुख्य मागणी हीच की माहितीचा लाभ समूहाला व्हावा आणि तिच्यावर अधिकारही समूहाचा असावा. तेव्हा परवानगीच्या कागदावर, आणि त्याआधी तोंडी, समजेल अशा भाषेत हे सांगायला हवं. नकार आला तर हाताने उतरवायचं. होकार आला तरी नाव, पाडा, नातेवाईक ओळखू येतील असा भाग आधी काढायचा आणि साधनाच्या सेटिंगमधून प्रशिक्षणाची परवानगी बंद करायची.

दुसरी गोष्ट अचूकतेची. मराठी ऐकून लिहिणारी साधनं बरीच सुधारली आहेत, पण ती शिकली आहेत प्रमाण मराठीवर. वारली बोली कानावर पडली की ती तिला जवळच्या प्रमाण शब्दांकडे ओढून नेतात. कागदावर स्वच्छ मराठी उमटते, वाचायला सोपी, आणि धवलेरी जे बोलली ते त्यात नसतं. ज्या प्रबंधाचा जीवच बोलीत आणि गाण्यात आहे, तिथे हा तोटा भरून निघत नाही. घरी वारली बोलणाऱ्या विद्यार्थिनीचा कान हे तिचं खरं भांडवल आहे. मुंबईहून आलेल्या संशोधकाकडे तो नाही, यंत्राकडेही नाही. उतरवण्याचं काम तिने स्वतःच करावं असं मी ठामपणे म्हणेन. शिवाय उतरवता उतरवता विश्लेषण सुरू होतं. कुठे बाई थबकली, कुठे हसली, कुठला प्रश्न तिने टाळला, हे सगळं पुन्हा ऐकतानाच ध्यानात येतं.

मग साधन कशासाठी वापरावं? भाषेसाठी. इंग्रजी लेखातला अवघड परिच्छेद सोप्या मराठीत समजून घेण्यासाठी. स्वतः लिहिलेल्या मराठी सारांशाचा इंग्रजी मसुदा करण्यासाठी. ‘माझ्या या युक्तिवादात कुठे फट आहे?’ असं विचारून टीका मिळवण्यासाठी. मार्गदर्शकांची भेट महिन्यातून एकदा होत असेल तर मधल्या काळात हा शेवटचा उपयोग फार मोलाचा आहे. संदर्भांची मांडणी एका शैलीत आणणं, प्रश्नावलीतली वाक्यं सोपी करून घेणं, अशी किरकोळ कामंही आहेत.

पण भाषेच्या मदतीतही एक धोका लपलेला असतो. विद्यार्थिनीने असं वाक्य लिहिलं आहे असं धरू: ‘आम्ही बोललो त्या चार पाड्यांत चौक सवाशिणीच काढतात, असं बायांनी सांगितलं.’ साधनाला ‘हे शैक्षणिक भाषेत कर’ म्हटलं की असं काही परत येऊ शकतं: ‘वारली समाजात चौक रेखाटण्याची परंपरा सुवासिनी स्त्रियांकडे आहे.’ दुसरं वाक्य भारदस्त आहे, चुकीचंही वाटत नाही. पण काय काय गळालं ते मोजा. चार पाडे गेले आणि सगळा समाज आला. बायांनी सांगितलेलं होतं ते लेखकाने सिद्ध केल्यासारखं झालं. ‘आम्ही बोललो’ गेलं, म्हणजे माहिती कशी मिळाली हे गेलं. आणि ‘सवाशिणी’ची ‘सुवासिनी’ झाली, म्हणजे बोलणाऱ्या बाईचा उच्चारही पुसला गेला. पहिल्या वाक्यात संशोधन आहे. दुसऱ्यात ते उरलेलं नाही. म्हणून भाषा सुधारून घेताना आकडे, ठिकाणं, ‘सांगितलं’, ‘बहुधा’, ‘आढळलं’ यांसारखे शब्द बदलू नकोस अशी सूचना आधी द्यावी. मूळ आणि सुधारित मजकूर शेजारी ठेवून एकेक वाक्य जुळवावं. हे कंटाळवाणं काम आहे आणि ते टाळता येत नाही.

आता प्रकाशनाच्या नियमांकडे वळू. प्रकाशनातल्या नीतिमत्तेसाठी काम करणाऱ्या ‘कोप’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं की एआय साधनाला लेखक म्हणून नाव देता येणार नाही. कारण लेखक असणं म्हणजे मजकुराची जबाबदारी घेणं, हितसंबंध जाहीर करणं, हक्काच्या करारावर सही करणं. यातलं काहीच साधन करू शकत नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या शिफारशींत हेच घातलं आणि साधन वापरलं असेल तर कसं वापरलं ते सांगण्याची अपेक्षा ठेवली. मोठ्या प्रकाशकांचे नियम तपशिलात वेगळे आहेत, पण गाभा हाच.

सांगायचं कसं? लपवाछपवी नको आणि क्षमायाचनाही नको. लघुप्रबंधाच्या ‘संशोधन पद्धती’ प्रकरणात असा परिच्छेद पुरेसा आहे: ‘या प्रबंधाचा सारांश मी मराठीत लिहिला. त्याचा इंग्रजी मसुदा करताना आणि दुसऱ्या प्रकरणातली वाक्यरचना तपासताना अमुक साधनाची अमुक आवृत्ती अमुक महिन्यांत वापरली. मुलाखती उतरवणं, विश्लेषण आणि संदर्भसूची यांसाठी कोणतंही एआय साधन वापरलेलं नाही. सर्व मजकूर मी मूळ साहित्याशी ताडून पाहिला आहे आणि त्यातल्या त्रुटींची जबाबदारी माझी आहे.’ अर्थात शेवटची दोन वाक्यं खरी असतील तरच लिहायची. साधनाला दिलेल्या सूचना आणि मिळालेली उत्तरं तारखेनिशी एका फाइलमध्ये जपून ठेवली तर मौखिक परीक्षेत कुणी विचारलं तरी अडचण येत नाही.

नुसतं जाहीर केल्याने मात्र चूक माफ होत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘फ्रंटियर्स इन सेल अँड डेव्हलपमेंटल बायॉलॉजी’ या नियतकालिकात उंदराच्या शरीररचनेची एक आकृती छापून आली. अवयव अशक्य आकाराचे, नावं निरर्थक अक्षरांची. चित्रं मिडजर्नी या साधनाने केल्याचं लेखकांनी लेखातच सांगितलं होतं, तरी लेख काही दिवसांत मागे घ्यावा लागला. त्याच सुमारास एल्सेव्हिअर या प्रकाशकाच्या एका नियतकालिकात बॅटरीवरचा एक निबंध आला. त्याच्या प्रस्तावनेच्या पहिल्याच ओळीत, तुमच्या विषयासाठी ही एक संभाव्य प्रस्तावना, असं साधनाने दिलेलं उत्तर जसंच्या तसं राहिलं होतं. तो निबंधही पुढे मागे घेतला गेला. लेखक, परीक्षक, संपादक, मुद्रितशोधक एवढ्या हातांतून ती ओळ गेली आणि कुणीच ती वाचली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

चित्रांचा मुद्दा वारली अभ्यासाला थेट लागू होतो. ‘वारली शैलीत लग्नाचा चौक काढ’ म्हटलं की साधन त्रिकोणी माणसांचं चित्र देतं. ते प्रबंधात चौकाचा नमुना म्हणून लावणं सरळसरळ खोटा पुरावा ठरेल. पालघट देवीची आकृती चौकात कुठे असते, देवचौकात पंचशिऱ्या देव कसा दाखवतात, हे काढणाऱ्या बाईला माहीत असतं. साधनाला फक्त त्रिकोण माहीत असतात. लग्नघरी परवानगी घेऊन काढलेलं साधं, थोडं अस्पष्ट छायाचित्र त्याहून कितीतरी मोलाचं, आणि त्याखाली चौक काढणारीचं नाव, तिची इच्छा असेल तर, यायलाच हवं. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, म्हणजे ती कुणाची आहे हे कायद्याच्या नोंदीतही आलं आहे. अभ्यासकाने त्याहून कमी काटेकोर असू नये.

महाविद्यालयांत सध्या सगळ्यात मोठी धास्ती टक्केवारीची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार प्रबंधातलं साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही, १० ते ४० टक्क्यांत दुरुस्त करून पुन्हा सादर करावं लागतं, ४० ते ६० टक्क्यांत वर्षभर सादर करता येत नाही आणि त्यावर नोंदणी रद्द होऊ शकते. पण ही मोजणी आहे आधीच्या मजकुराशी जुळण्याची. साधनाने लिहिलेला परिच्छेद नव्याने जुळवलेला असल्यामुळे त्यात साम्य कमी दिसू शकतं. त्यामुळे ‘पाच टक्के आले’ म्हणजे काम प्रामाणिक, असं काही ठरत नाही. उलट बाजूला, एआयचा मजकूर ओळखण्याचा दावा करणारी साधनंही भरवशाची नाहीत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन जानेवारी २०२३ मध्ये काढलं. ते एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच ओळखू शकत होतं, आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये ते बंद केलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात ओळखसाधनं तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निबंध सरासरी ६१ टक्के वेळा ‘यंत्राने लिहिलेले’ ठरवले गेले. साधी, मोजक्या शब्दांची इंग्रजी त्यांना यंत्राची वाटते. तलासरीच्या मुलीची इंग्रजी तशीच असणार. म्हणून मार्गदर्शकांना कळकळीची विनंती आहे की अशा अहवालावरून कुणाला दोषी ठरवू नका. तिला समोर बसवा, वही मागा, ध्वनिफीत ऐकवायला सांगा, ‘हे वाक्य कुठून आलं?’ असं विचारा. जिने काम केलं आहे ती त्या पाड्यापर्यंतची वाट सांगेल.

परीक्षणाबद्दल थोडक्यात. तपासायला आलेला अप्रकाशित निबंध किंवा प्रबंध परीक्षकाने साधनात टाकणं हा गोपनीयतेचा भंग आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जून २०२३ मध्ये आपल्या परीक्षकांना तशी मनाईच केली. तरी हे चालतं, आणि त्याचा फायदा उठवणारेही आहेत. जुलै २०२५ मध्ये जपानच्या ‘निक्केई’ने उघडकीस आणलं की, १४ संस्थांशी संबंधित १७ निबंधांत पांढऱ्या किंवा अतिबारीक अक्षरांत फक्त चांगलंच परीक्षण लिहावं अशी सूचना यंत्रासाठी लपवलेली होती. दोन्ही बाजूंनी वाचणं सोडून दिलं की असं होतं.

प्रबंध मंजूर झाल्यावर पीएच.डी.चा असेल तर तो शोधगंगेवर जातो आणि इंटरनेटचा भाग होतो. उद्याची प्रारूपं तोच मजकूर वाचून घडतील. ‘व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’ या निरर्थक शब्दसमूहाची गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. १९५९ च्या एका लेखाचं संगणकीकरण करताना शेजारशेजारच्या दोन स्तंभांतले शब्द जोडले गेले, आणि अशी कोणतीही पद्धत नसताना हे नाव पुढे कित्येक शोधनिबंधांत आणि भाषा-प्रारूपांच्या उत्तरांतही दिसू लागलं. २०२४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं की प्रारूपांना प्रारूपांनीच लिहिलेला मजकूर पुन्हा पुन्हा खाऊ घातला तर ती बिघडत जातात, आणि जे क्वचित आढळतं ते सगळ्यात आधी नाहीसं होतं. गंजाडच्या बाबतीत याचा अर्थ उघड आहे. एखाद्या पाड्याची वेगळी रीत, एखाद्याच धवलेरीला येणारं गाणं, सगळ्यांपेक्षा वेगळा तपशील, हे सगळं ‘क्वचित’ या सदरातलंच. इथल्या विद्यार्थिनीने ते नीट नोंदवलं तर निदान एका ठिकाणी ते खरं मिळेल. यंत्राकडून भरून घेतलं तर त्या जागी पर्यटनपत्रिकेतलं वाक्य कायमचं बसेल.

म्हणून सादर करण्याआधीची एक पायरी मी सक्तीची करीन. ज्या बायांनी आणि चित्रकारांनी माहिती दिली, त्यांच्यासमोर त्यांच्याविषयीचं प्रकरण वारलीत किंवा मराठीत वाचून दाखवायचं. त्या ‘असं नाही, पोरी’ म्हणतील तिथे दुरुस्ती करायची, आणि त्यांना जे छापायला नको ते काढायचं. नंतर चूक सापडली तर विद्यापीठाला किंवा संपादकांना लेखी कळवून शुद्धिपत्र जोडून घ्यायचं. हे वाचन मौखिक परीक्षेच्या किमान महिनाभर आधी, लग्नसराई किंवा भातलावणी नसताना, त्यांच्या सोयीच्या वेळी ठेवायचं.